खोल बोअरमधून कातळातला ताण कसा मोजायचा: कोयनेच्या उदाहरणासह

11 डिसेंबर 1967 च्या पहाटे कोयनेला 6.3 क्षमतेचा भूकंप झाला. त्याला अर्धं शतक उलटून गेलं तरी साधारण 20 बाय 30 किलोमीटरच्या त्या पट्ट्यात लहान-मोठे धक्के सुरूच आहेत. बहुतेक धक्के 10 किलोमीटरच्या आतल्या खोलीवरचे, म्हणजे छिद्रणयंत्राच्या आवाक्याजवळचे. म्हणून पृथ्वी विज्ञान मंत्रालयाने कराडजवळ हजारमाचीला बोअरहोल भूभौतिकी प्रयोगशाळा उभारली आणि 2016-17 मध्ये पाटण तालुक्यात गोठणे इथे 3 किलोमीटर खोल प्रायोगिक बोअर घेतलं. वरचे सुमारे 1250 मीटर दक्खनचा बेसाल्ट आणि त्याखाली थेट ग्रॅनाइट-नाइसचा जुना पाया, असा तिथला छेद आहे.

अशा बोअरमध्ये ताण मोजायचा तर काम कोणत्या क्रमाने करायचं, कुठे फसतं आणि आलेल्या आकड्यावर किती विश्वास ठेवायचा, ते इथे मांडलं आहे. छेद कोयनेचा घेतला आहे. उदाहरणांतले ताणांचे आकडे मात्र हिशेब समजावा म्हणून धरलेले आहेत, ते गोठण्याच्या मोजणीचे निकाल नव्हेत.

आधी शब्दाबद्दल. ताण म्हटलं की डोळ्यांपुढे ताणलेली दोरी येते. जमिनीखाली गोष्ट उलटी असते, तिथे खडक तिन्ही दिशांनी दाबलेला असतो. पाठ्यपुस्तकात याला प्रतिबल म्हणतात. आपल्याला तीन आकडे आणि एक दिशा हवी असते: वरच्या खडकाच्या वजनाचा उभा ताण, आडव्या दिशांतला मोठा ताण, त्याच्याशी काटकोनात असलेला लहान ताण, आणि मोठा आडवा ताण कोणत्या दिशेने आहे ते. चौथा आकडा खडकाच्या भेगांतल्या पाण्याच्या दाबाचा, म्हणजे छिद्रदाबाचा. तो नसेल तर बाकीच्या तिन्हींचा भूकंपाच्या दृष्टीने काही उपयोग नाही.

यातला उभा ताण हिशेबाने येतो. लहान आडवा ताण खरोखर मोजता येतो. मोठा आडवा ताण मात्र खोल बोअरमध्ये थेट मोजता येत नाही. त्याला चारी बाजूंनी घेरावं लागतं. अहवालात तो एकाच नेटक्या आकड्यात दिलेला दिसला तर तो कसा काढला, हे आधी विचारा.

उभा ताण

घनता-लॉग, म्हणजे बोअरमध्ये साधन सोडून घेतलेली खोलीवार घनतेची नोंद, चालवा आणि प्रत्येक थराची घनता, गुरुत्वत्वरण आणि जाडी यांचा गुणाकार बेरजेत घेत खाली जा. बेसाल्टची घनता दर घनमीटरला 2900 किलो धरली तर 1250 मीटरच्या तळाशी 35.6 मेगापास्कल येतात. एक मेगापास्कल म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला साधारण 10 किलो. त्याखालच्या ग्रॅनाइटची घनता 2680 धरली तर दर किलोमीटरला 26.3 मेगापास्कलची भर पडते. 2 किलोमीटरवर 55.3, 3 किलोमीटरवर 81.6.

बोअरची भिंत ढासळलेली असेल तिथे घनता-लॉग खोटं कमी वाचतो, कारण साधन खडकाऐवजी पाणी मोजतं. कॅलिपर-लॉग, म्हणजे बोअरच्या व्यासाची नोंद, शेजारी ठेवून असे भाग गाळा आणि त्या ठिकाणी गाभ्याच्या, म्हणजे बोअरमधून काढलेल्या खडकाच्या दांड्याच्या, तुकड्यांची घनता वापरा. सह्याद्रीच्या कड्याजवळ आणखी एक सावधगिरी हवी. माथा आणि कोकणाची सपाटी यांत शेकडो मीटरचा फरक आहे. जमिनीच्या चढउताराइतक्या खोलीपर्यंत तरी ताणाची दिशा आणि प्रमाण, दोन्ही त्या उताराने बदलतात. उथळ मोजणीवरून खोलचा अंदाज बांधायचा नाही, तो याच कारणाने.

बोअर खणतानाच सुरू होणारी मोजणी

ताणाची निम्मी माहिती खणतानाच भिंतीवर उमटते आणि निष्काळजीपणाने तिथेच पुसली जाते. खडकात गोल भोक पाडलं की आजूबाजूचा ताण त्या भोकाभोवती वळसा घेतो. लहान आडव्या ताणाच्या दिशेला भिंतीवर दाब सर्वांत जास्त एकवटतो. तो खडकाच्या ताकदीबाहेर गेला की भिंतीचे समोरासमोरचे दोन भाग कवच निघाल्यासारखे ढासळतात. मोठ्या आडव्या ताणाच्या दिशेला भिंतीवरचा दाब सर्वांत कमी असतो. तो शून्याखाली गेला तर तिथे बोअरला समांतर उभ्या बारीक चिरा पडतात. ढासळ आणि चिरा यांच्यात 90 अंशांचं अंतर असतं. दोन्ही सापडल्या आणि अंतर 90 अंशांच्या आसपास आलं, तर दिशेबद्दल निर्धास्त राहायला हरकत नाही.

हे पाहायला ध्वनिलहरींनी भिंतीचं चित्र काढणारं टेलिव्ह्यूअर किंवा विद्युतरोधाचं चित्र देणारं साधन लागतं. फक्त चार हातांच्या कॅलिपरवर विसंबू नका. ड्रिलपाइप एकाच बाजूला घासून भोक लांबट झालेलं असेल तर कॅलिपर त्यालाही ढासळ समजतो. खरी ढासळ समोरासमोर दोन्ही बाजूंना असते, पाइपने घासलेली खाच बहुधा एकाच बाजूला. बोअर कललेलं असेल तर ही चूक हमखास होते.

दिशेच्या नोंदीत दख्खनच्या पठारावर एक खास अडचण येते. टेलिव्ह्यूअर उत्तर दिशा चुंबकमापकाने ठरवतं. केसिंगच्या, म्हणजे बोअरमध्ये बसवलेल्या पोलादी नळीच्या, आसपास ते निकामी असतंच, पण बेसाल्टचं स्वतःचं चुंबकत्वही बऱ्यापैकी असतं आणि ते थराथराला बदलतं. मोजलेलं एकूण चुंबकीय क्षेत्र आणि त्याचा नमन-कोन, म्हणजे क्षितिजाशी झुकाव, खोलीसोबत आलेखावर काढा. जिथे ते अपेक्षेपेक्षा हलतात तिथल्या दिशा वापरू नका, किंवा तो भाग चुंबकत्वावर न चालणाऱ्या जायरो-दिशामापकाने पुन्हा मोजा. ग्रॅनाइटमध्ये हा त्रास बराच कमी होतो.

ढासळ आणि चिरांवरून दिशेची प्रत ठरवायला जागतिक ताण नकाशाचे निकष वापरा. एका बोअरमध्ये किमान 10 वेगवेगळे पट्टे, त्यांची एकूण लांबी किमान 100 मीटर आणि दिशांचं प्रमाण विचलन 12 अंशांच्या आत असेल तर पहिली प्रत. किमान 6 पट्टे, 40 मीटर आणि 20 अंश असेल तर दुसरी. दोन-तीन पट्ट्यांवरून प्रदेशाची दिशा जाहीर करू नये.

ड्रिलिंग मडची, म्हणजे खणताना बोअरमध्ये फिरवलेल्या द्रवाची, घनता, फिरणाऱ्या मडचा दाब, मडचं आणि खडकाचं तापमान, पाइप उतरवण्या-काढण्याची वेळ आणि वेग यांची दर पाळीला नोंद ठेवायला लावा. ड्रिलरला हे किरकोळ वाटतं, पण पुढचा सगळा हिशेब यावर उभा आहे. पाइप घाईने खाली सोडला तर पिचकारीच्या दट्ट्यासारखा दाब वाढतो आणि त्या क्षणी चिरा पडतात. ती नोंद नसेल तर चिरा नैसर्गिक ताणामुळे सहज पडल्या असा चुकीचा अर्थ निघतो.

लहान आडवा ताण: पाण्याने खडक फोडून

बोअरचा एक छोटा भाग वर-खाली दोन फुगणाऱ्या रबरी बोळ्यांनी, म्हणजे पॅकरांनी, बंद करायचा, त्यात पाणी दाबत न्यायचं, खडक चिरेपर्यंत. मग पंप थांबवून दाब कुठे स्थिरावतो ते पाहायचं. चीर लहान ताणाच्या विरोधात उघडते, म्हणून ती मिटू लागते तो दाब म्हणजे लहान आडवा ताण. कल्पना एवढीच. खोलीवर ती अमलात आणताना कसब लागतं.

जागा निवडताना 3 ते 5 मीटरचा अखंड, भेग नसलेला पट्टा शोधा. त्यासाठी टेलिव्ह्यूअरचं चित्र, कॅलिपर आणि गाभा, तिन्ही एकत्र ठेवा. बेसाल्टमध्ये फक्त घट्ट काळा कातळ घ्या. विहीर खणणारे ज्याला मांजऱ्या म्हणतात तसा छिद्राळ थर किंवा दोन लाव्हाप्रवाहांमधली तांबडी माती टाळा. अशा जागी पाणी मुरतं, किंवा चीर उभी न पडता थराच्या सांध्यातून आडवी पळते. आडवी चीर मिटण्याचा दाब उभा ताण सांगतो, आडवा नव्हे. हे लक्षात आलं नाही तर वजनाचाच आकडा दुसऱ्या नावाने अहवालात जातो.

सगळ्या चाचण्या बेसाल्टमध्ये उरकू नका. खालचा पाया आणि वरचे लाव्हाथर यांतला ताण एकसारखा असेलच असं नाही, आणि कोयनेचे भूकंप पायात होतात. निम्म्याहून जास्त चाचण्या ग्रॅनाइटमध्ये घ्या. किमान 10-12 जागा ठरवा, कारण त्यांतल्या काही फुकट जातात.

साधनसामग्री अशी लागते:

दोन पॅकर. त्यांच्यामधली मोकळी जागा बोअरच्या व्यासाच्या किमान सहापट हवी. 96 मिलिमीटरच्या बोअरला सुमारे 60 सेंटिमीटर, 216 मिलिमीटरच्या बोअरला 1.3 मीटर. प्रत्येक पॅकरची लांबीही साधारण तेवढी. पॅकरची दाबक्षमता पाहताना आतला दाब आणि बाहेरच्या पाण्याचा दाब यांतला फरक धरायचा असतो. रबर त्या खोलीच्या तापमानाला टिकणारं आहे ना, तेही पाहा.

भूपृष्ठावर 35 ते 40 मेगापास्कल देणारा आणि प्रवाह स्थिर ठेवणारा पंप. बारीक बोअरला मिनिटाला काही लिटर पुरतात, मोठ्या बोअरला जास्त लागतात.

दाबमापक वर एक आणि खाली पॅकरांमध्ये एक, शिवाय पॅकरच्या आतल्या दाबाचा वेगळा. खालचा मापक ही चैन नव्हे. वरच्या आकड्यात पाण्याच्या स्तंभाचं वजन मिळवता येतं, 2 किलोमीटरला 19.6 मेगापास्कल, पण पाइपमधलं घर्षण प्रवाहाप्रमाणे बदलत राहतं आणि नेमकं पंप थांबवतानाच्या वाचनात घोळ घालतं. नोंद सेकंदाला किमान 10 वेळा.

प्रवाहमापक आत जाणाऱ्या आणि परत येणाऱ्या, दोन्ही पाण्यासाठी. पाणी स्वच्छ, गाळलेलं. घट्ट जेल वापरलं तर चिरेत दाब सारखा पसरत नाही.

आणि पॅकर रिकामे करण्याची झडप. बोअरमधली पाण्याची पातळी जमिनीखाली 150 मीटर असेल आणि पाइप वरपर्यंत भरलेला असेल, तर पंप बंद केला तरी पॅकरमध्ये 1.5 मेगापास्कलचा दाब उरतो. तो फुगलेलाच राहतो, ओढताना अडकतो, फाटतो, आणि त्यासोबत सगळं साधन गमावण्याची पाळी येते. पाणीपातळी चाचणीच्या दिवशी मोजा, जुन्या नोंदीवर जाऊ नका.

आता चाचणी.

1. पॅकर उतरवण्याआधी त्याच व्यासाचं नकली साधन तळापर्यंत फिरवून आणा. अडखळलं तर बोअर साफ करा. ढासळलेल्या भागात पॅकर फुगवू नका, आधार नसलेल्या बाजूने रबर फुटतं.

2. ठरलेल्या खोलीवर पॅकर 2 ते 4 मेगापास्कलने फुगवा आणि 10-15 मिनिटं थांबा. दाब आपोआप पडत असेल तर गळती आहे, पुढे जाऊ नका.

3. मधल्या जागेत 2-3 मेगापास्कलचा छोटा ठोका द्या, झडप बंद करा, काही मिनिटं पाहा. दाब भराभर पडला तर न दिसलेली भेग आत आहे. अखंड ग्रॅनाइटमध्ये तो फार सावकाश उतरतो. हा आलेख जपून ठेवा, पाणी किती मुरतं ते यावरूनच कळतं.

4. स्थिर प्रवाहाने पंप सुरू करा. प्रवाह असा ठेवा की खडक 1 ते 3 मिनिटांत फुटेल. फार सावकाश गेलात तर पाणी खडकात शिरून छिद्रदाब वाढवतं, फार वेगाने गेलात तर फुटण्याचा दाब फुगलेला दिसतो. पॅकरचा दाब मधल्या जागेपेक्षा सतत 2-3 मेगापास्कल वर ठेवत चला. कमी ठेवला तर पाणी पॅकरच्या बाजूने निसटतं, फार जास्त ठेवला तर पॅकरच खडक फोडतो.

5. दाब एकदम पडला की पंप ताबडतोब थांबवा आणि झडप बंद करा. पहिले 5-10 सेकंद दाब झपाट्याने उतरतो, मग उतार मंदावतो. 5 ते 10 मिनिटं हात लावू नका.

6. झडप उघडून पाणी परत येऊ द्या आणि मोजा. आत गेलेल्यापैकी फारच कमी परत आलं तर ते कुठल्यातरी भेगेत किंवा पॅकरच्या पलीकडे गेलं आहे.

7. हेच किमान तीन वेळा, त्याच प्रवाहाने. तिन्ही वेळी पंप थांबवल्यानंतरचा स्थिरदाब जवळपास सारखा यायला हवा. दर वेळी उतरतच असेल तर आणखी दोन फेऱ्या घ्या. चीर बोअरच्या प्रभावाबाहेर जाईपर्यंत खरा आकडा मिळत नाही.

8. शेवटी पायऱ्यांची चाचणी: प्रवाह टप्प्याटप्प्याने वाढवा, प्रत्येक टप्प्याला दाब स्थिर होऊ द्या, आणि प्रवाह-दाब आलेखात रेषा कुठे वाकते ते पाहा. तो वाक आणि स्थिरदाब जुळले तर लहान आडव्या ताणाचा आकडा भक्कम झाला.

9. चिरेची दिशा घ्या. ठसा घेणारा मऊ रबराचा पॅकर उतरवून, चीर पुन्हा उघडेल त्याहून जास्त दाबाने अर्धा ते एक तास दाबून ठेवा, किंवा टेलिव्ह्यूअर पुन्हा चालवून आधीच्या चित्राशी ताडा. आधीचं चित्र नसेल तर नवी चीर आणि जुनी भेग वेगळी ओळखता येत नाही. दिशा न मिळालेली चाचणी अर्धवट समजा.

स्थिरदाब वाचण्याच्या रीती अनेक आहेत: आलेखाच्या सुरुवातीच्या उताराला स्पर्शिका, दाब पडण्याच्या वेगाचा आलेख, काळाच्या वर्गमुळाशी दाबाचा आलेख. निदान दोन वापरा. त्यांच्यात मेगापास्कलच्या काही दशांशांचा फरक चालतो. दोन-तीन मेगापास्कलचा आला तर चीर तिरकी आहे, गळती आहे किंवा झडप उशिरा बंद झाली आहे. अशा वेळी सरासरी काढून पुढे जाऊ नका, कारण शोधा.

अखंड पट्टे मिळतच नसतील तर जुन्या भेगाच वापरता येतात. भेग उघडून तिच्या पृष्ठावर काटकोनात येणारा ताण मोजायचा आणि वेगवेगळ्या दिशांच्या अनेक भेगांवरून पूर्ण ताण-स्थिती सोडवायची. अज्ञात सहा असतात, म्हणून किमान सहा भिन्न दिशांच्या भेगा हव्यात, आणि प्रत्यक्षात दहाच्या खाली हात घालू नये. सगळ्या भेगा एकाच दिशेच्या असतील तर गणित सुटल्यासारखं दिसतं, पण उत्तर खोटं असतं.

केसिंग बसवून सिमेंट केल्यावर लगेच घ्यायची एक स्वस्त चाचणीही आहे. केसिंगखाली 3 ते 10 मीटर नवं भोक पाडायचं, बोअर वरून बंद करायचं आणि मिनिटाला 40-80 लिटरने मड दाबायचं. दाब-आकारमानाची रेषा वाकल्यावरही थोडं पुढे जाऊन थांबायचं आणि दोन-तीन फेऱ्या करायच्या. तेलविहिरींवर एकाच फेरीत थांबायची सवय असते. तेवढ्यावरून सिमेंटची परीक्षा होते, ताण कळत नाही.

या सगळ्यातून भूकंप तर होणार नाही ना, हा प्रश्न कोयनेच्या आसपासच्या गावांत विचारला जाणारच, आणि त्याचं उत्तर आकड्यात द्यावं. एका चाचणीत खडकात जाणारं पाणी बहुधा काही दहा लिटर असतं, आणि चीर काही मीटरवर थांबते. स्वित्झर्लंडमध्ये बाझेल इथे 2006 साली भूऔष्णिक प्रकल्पासाठी सुमारे 11,500 घनमीटर पाणी दाबलं होतं, तेव्हा 3.4 क्षमतेचा धक्का बसला. दोन्हींत लाखपटीहून जास्त अंतर आहे. तरीही ज्ञात भ्रंश, म्हणजे जिच्या दोन बाजू एकमेकींवर सरकतात अशी मोठी भेग, बोअरला छेदतो त्या पट्ट्यात चाचणी घेऊ नका आणि जवळची भूकंपमापकं चालू असल्याशिवाय पंप सुरू करू नका.

मोठा आडवा ताण घेरणं

जुन्या पुस्तकात सरळ सूत्र आहे: चीर पुन्हा उघडण्याचा दाब म्हणजे लहान आडव्या ताणाची तिप्पट, वजा मोठा आडवा ताण, वजा छिद्रदाब. उघडण्याचा दाब मोजा, मोठा ताण काढा. उथळ, बारीक बोअरमध्ये आणि अगदी ताठ साधनाने हे कधी जमतं. खोलीवर जमत नाही.

2 किलोमीटरवर लहान आडवा ताण 36, मोठा 65 आणि छिद्रदाब 19.6 मेगापास्कल धरा. सूत्र म्हणतं, चीर 23.4 ला उघडते. भिंतीजवळ ती उघडतेही, पण केसाएवढी. तिच्यात जाणारं पाणी इतकं थोडं असतं की लांबलचक पाइपमधल्या पाण्याच्या लवचिकतेपुढे ते मापकाला जाणवत नाही. आलेखातला वाक दिसतो तो 36 च्या आसपास, म्हणजे चीर दूरवर उघडते तेव्हा. तो वाक सूत्रात घातला तर मोठा ताण 108 वजा 36 वजा 19.6, म्हणजे 52.4 निघतो. खऱ्यापेक्षा 12.6 ने कमी, आणि उभ्या ताणाच्याही खाली. उघडण्याचा दाब आणि स्थिरदाब जवळजवळ एकच येत असतील तर हा सापळा ओळखा.

म्हणून दुसऱ्या मार्गांनी वरची आणि खालची मर्यादा बांधा.

वरची मर्यादा घर्षणाची. पृथ्वीचं कवच भेगांनी भरलेलं आहे. त्या भेगांचं घर्षण पेलतं त्याहून जास्त फरक ताणांत टिकूच शकत नाही. घर्षणांक 0.6 धरला तर छिद्रदाब वजा केल्यानंतरचा मोठा ताण लहानाच्या 3.12 पटींच्या आत राहतो. आपल्या उदाहरणात 36 वजा 19.6 म्हणजे 16.4, त्याची 3.12 पट 51.2, त्यात छिद्रदाब मिळवला की 70.8. मोठा आडवा ताण याच्या वर नाही.

खालची मर्यादा भिंतीवरच्या चिरांची. खणताना उभ्या चिरा पडल्या असतील तर भिंतीवरचा दाब शून्यावर आला होता. लहान ताणाची तिप्पट 108. त्यातून छिद्रदाब 19.6, मडचा दाब 19.6 आणि थंडाव्याचा परिणाम वजा करा. ग्रॅनाइट 1 अंश थंड झाला की भिंतीवरचा दाब साधारण 0.64 मेगापास्कलने उतरतो, 15 अंशांना 9.6. उरले 59.2. खडकाची ओढ सोसण्याची ताकद शून्य धरली तरी मोठा आडवा ताण एवढा असायलाच हवा, 5 धरली तर 64.2. थंडावा हिशेबात घेतला नाही तर हाच आकडा 9.6 ने फुगतो आणि घर्षणाच्या मर्यादेला जाऊन टेकतो. मडच्या तापमानाची नोंद का हवी, ते इथे कळतं.

तिसरी बाजू ढासळीची. त्या खोलीवर भिंत ढासळली नसेल तर मोठ्या ताणाची तिप्पट, वजा लहान ताण, छिद्रदाब आणि मडदाब, ही खडकाच्या ताकदीहून कमी असली पाहिजे. ग्रॅनाइटची ताकद 150 मेगापास्कल असेल तर ही मर्यादा 75 येते, म्हणजे घर्षणाच्या मर्यादेबाहेर, निरुपयोगी. 130 असेल तर 68.4, आणि मग ती कामाची ठरते. ताकद त्याच खोलीच्या गाभ्यावर मोजा. पुस्तकातला ग्रॅनाइट वापरू नका.

गाभा मिळत असेल तर तो वर आल्या आल्या पहिल्या काही तासांत त्याचं फुगणं मोजूनही ताणाच्या दिशा आणि गुणोत्तरं मिळतात. उशीर केला तर काही उरत नाही. दिशेची शेवटची पडताळणी भूकंपांत भ्रंश कोणत्या दिशेने आणि कसा सरकला यावरून करा.

कोयनेत ही पडताळणी फार बोलकी आहे. उत्तरेकडे कोयनेच्या बाजूला भ्रंशाच्या दोन्ही बाजू आडव्या सरकतात, तर दक्षिणेकडे वारणेच्या बाजूला एक बाजू खाली घसरते. इतक्या लहान प्रदेशात दोन्ही प्रकार नांदतात, याचा सरळ अर्थ असा की उभा ताण आणि मोठा आडवा ताण जवळजवळ बरोबरीचे आहेत. थोडासा फरक पडला की पारडं इकडचं तिकडे जातं. म्हणून इथे मोठ्या आडव्या ताणात पाच-सात मेगापास्कलची चूक झाली तर भूकंपाचा प्रकारच चुकीचा सांगितला जातो.

आकडे भ्रंशावर नेणं

उदाहरण शेवटाला नेऊ. उभा भ्रंश धरा, त्याची रेषा मोठ्या आडव्या ताणाशी 30 अंशांचा कोन करते. मोठा ताण 65 असेल तर भ्रंशाला दाबून धरणारा ताण 43.3, छिद्रदाब वजा केल्यावर 23.7, आणि त्याला सरकवणारा ताण 12.6. गुणोत्तर 0.53. घर्षणांक 0.6 असेल तर भ्रंश अजून टिकून आहे, पण छिद्रदाब 2.7 मेगापास्कलने वाढला तर सुटेल. आता मोठा ताण घेरलेल्या पट्ट्याच्या दोन टोकांना धरा. 59 असेल तर सुटायला 5.6 मेगापास्कल लागतात, 70 असेल तर 0.4 देखील पुरतात.

कोयना धरणाची भिंत 103 मीटर उंच आहे. तळाशी पाण्याचा दाब 1 मेगापास्कलच्या आसपास, त्याहून जास्त नाही, आणि खोलवर झिरपत जाताना तो आणखी कमी होतो. पट्ट्याच्या एका टोकाला जलाशयाचा दाब नगण्य ठरतो, दुसऱ्या टोकाला निर्णायक. अमेरिकेत कोलोराडोतल्या रेंजली तेलक्षेत्रात हा हिशेब प्रत्यक्ष तपासून पाहिला गेला. आधी पाण्याने खडक फोडून ताण मोजला, भ्रंश सुटायला सुमारे 26 मेगापास्कल छिद्रदाब लागेल असं काढलं. मग पंपाने दाब वर-खाली केला, तेव्हा त्याच आकड्याच्या वर भूकंप वाढले आणि खाली थांबले.

म्हणून अहवालात प्रत्येक चाचणीची खोली, सगळ्या फेऱ्यांचे मूळ दाब-प्रवाह आलेख, चिरेची दिशा आणि कल, छिद्रदाब मोजला की धरला, मडचं तापमान, ताकद कुठल्या तुकड्यावरची, आणि बाद केलेल्या चाचण्या कारणासह द्या. लहान आडव्या ताणापुढे त्यात किती चूक असू शकते ते लिहा. मोठ्या आडव्या ताणाच्या रकान्यात दोन आकडे लिहा, खालचा आणि वरचा, आणि प्रत्येकापुढे तो कशावरून आला ते.